सांबऱ्याहून मुंबई किती लांब?

खानापूर ते निपाणी हे हवाई अंतर सुमारे ८५ किलोमीटर असून विमानाने हा प्रवास साडेसहा मिनिटांत होतो. वाचकहो, दचकू नका. खानापुरात विमानतळ झालेला नाही आणि निपाणीतही नाही. निपाणीला तर आजही रेल्वे नाही. पण मोबाईलवर कोणत्याही दोन गावांची नावे टाकली की मधले हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ क्षणात समोर येतो. विमान उतरायला जागा आहे की नाही, हा प्रश्न त्या यंत्राला पडतच नाही. खानापूरच्या माणसाने बेळगावला यायचे, मध्यवर्ती स्थानकावर गाडी बदलायची, मग संकेश्वरवरून निपाणी गाठायची, यात अर्धा दिवस जातो. हे साडेसहा मिनिटांत बसत नाही.

ही गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण अशाच आकड्यांवर आता आपल्या भागाची धोरणे बोलली जातात. विमानसेवा सुरू झाली की भाषणात 'मुंबई आता तासाभरावर' हे वाक्य येतेच. टाळ्या पडतात, हार घातले जातात आणि सीमाभागाचा प्रवासाचा प्रश्न सुटला असे दोन्ही राज्यांच्या दरबारी नोंदवले जाते. आमचा दिवस काउंटरवर आकड्यांतच जातो. त्या सवयीने हा हिशेब एकदा मांडून पाहावा असे वाटले.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत ताणून धरलेला दोरा. हे गणित घरीही करता येते. सांबरा विमानतळापासून मुंबईचा विमानतळ उत्तरेकडे सुमारे सव्वातीन अंश आहे, म्हणजे साधारण ३५८ किलोमीटर. पश्चिमेकडे तो पावणेदोन अंश आहे. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश साधारण १०६ किलोमीटरचा धरला, तर हे झाले १८६ किलोमीटर. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा, दोन बाजूंचे वर्ग करा, बेरजेचे वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे ४०३ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर पाचशेच्या घरात जाते, कारण रस्त्याला घाट, नद्या आणि पुणे पार करायचे असते.

याच रीतीने सांबरा ते बंगळूरचा देवनहळ्ळी विमानतळ हे अंतर सुमारे ४४४ किलोमीटर निघते. म्हणजे दोऱ्याच्या हिशेबाने बेळगावला राजधानीपेक्षा मुंबई चाळीसएक किलोमीटर जवळ आहे. निपाणीचा दोरा लावला तर मुंबई ३३८ आणि बंगळूर ५०४! आमचे काही उत्साही मित्र हे आकडे ऐकून लगेच सरसावून बसले. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की राज्यांच्या सीमा विमानाच्या दोऱ्याने आखल्या जात नाहीत. त्या प्रश्नाला भाषा आणि लोकेच्छा यांचा आधार आहे, आणि महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तरीही आकडा आकडाच. तो कोणाच्या सोयीने बदलत नाही.

आता वेळ. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला ४०३ किलोमीटर कापायला अर्धा तास लागतो. पंखे असलेले एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास चालते, त्याला पाऊण तासाहून थोडे अधिक. मग वेळापत्रकात तासाच्या वर का लिहिलेले असते? कारण विमान कंपनी चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा वेळ मोजते. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, उंची गाठणे, ठरलेल्या हवाई मार्गाने वळणे घेणे, खाली उतरणे, हे सगळे त्यात आले. मुंबईला आणखी एक अडचण आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमाने आकाशात घिरट्या घालत राहतात. आपल्याकडचे पन्नास-सत्तर आसनांचे विमान त्या रांगेत उभे असते.

ज्या सांबऱ्याविषयी आपण बोलतो आहोत तो विमानतळ काही कालचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने तो बांधला. पुढे तो भारतीय हवाई दलाकडे आला आणि तिथे हवाई सैनिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोवा मुक्तीच्या कारवाईत, १८ डिसेंबर १९६१ रोजी, सांबऱ्यावरून उडालेल्या हंटर विमानांनी गोव्यातील बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. सांबरा ते बांबोळी हे हवाई अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि त्या विमानांना ते दहा मिनिटांहून कमी वेळाचे होते. चोर्ला घाटातून पणजीला जायला आपल्याला आजही अडीच-तीन तास लागतात. जुन्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. हवाई अंतराचा आकडा आपल्या भूमीवर एकदा शब्दशः खरा ठरला, तो असा, लष्करासाठी.

नागरी प्रवाशांचा इतिहास मात्र आशेचा आणि निराशेचा आलटूनपालटून आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी सांबऱ्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. धावपट्टी वाढून २३०० मीटर झाली, मोठी विमाने उतरण्याची सोय झाली. आणि पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, स्पाइसजेटने आपली सेवा बेळगावहून हुबळीला हलवली. नवी इमारत झगमगत होती आणि विमान जवळजवळ नव्हते. कारण साधे होते. केंद्राच्या 'उडान' योजनेत तेव्हा हुबळीचा समावेश झाला होता, बेळगावचा नव्हता. बेळगावात त्यावर ओरड झाली, निवेदने गेली, आणि जानेवारी २०१९ मध्ये योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला स्थान मिळाले. त्यानंतर आपल्या शेजारच्याच घोडावत उद्योगसमूहाची स्टार एअर सांबऱ्यावर आली आणि पन्नास आसनांची छोटी जेट विमाने दिसू लागली. हुबळीला काही मिळू नये असे आमचे म्हणणे कधीच नव्हते. पण एका शहराचे ताट उचलून दुसऱ्यापुढे ठेवणे याला विस्तार म्हणत नाहीत.

इथे नकाशा पुन्हा उघडावा लागतो. सांबऱ्यापासून हुबळीचा विमानतळ हवाई अंतराने ७४ किलोमीटर, गोव्यातील मोपा ८२, कोल्हापूरची उजळाईवाडी ९६ आणि दाभोळी शंभराच्या काठावर. शंभर किलोमीटरच्या वर्तुळात चार विमानतळ! मोपावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडतात. कोल्हापूरचा विमानतळ तर राजाराम महाराजांच्या काळापासूनचा, संस्थानी. मुंबई-दिल्लीच्या कार्यालयात बसून पाहणाऱ्याला वाटते, या लोकांना आणखी काय हवे? आणि या चौघांत प्रवासी वाटले जात असल्याने प्रत्येक कंपनी सांगते की तुमच्याकडे पुरेशी गर्दी नाही.

या चारांना एकमेकांशी विमानाने जोडण्याचे काही जण सुचवतात. बेळगाव-कोल्हापूर दहा-बारा मिनिटांत, असे चित्र रंगवले जाते. ते आम्हाला पटत नाही. उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली तेव्हाच तिची आखणी २०० ते ८०० किलोमीटरच्या टप्प्यांसाठी होती, आणि खालच्या मर्यादेतून डोंगराळ, दुर्गम, बेटांचे व सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील प्रदेश वगळले होते. त्यात शहाणपण होते. विमानाचे सर्वाधिक इंधन वर चढताना खर्च होते. ९६ किलोमीटरसाठी एवढे चढायचे आणि लगेच उतरायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बेळगाव-कोल्हापूरसाठी महामार्ग आहे, आणि निपाणीवरून रेल्वे व्हावी ही जुनी मागणी आहे. विमानाच्या स्वप्नात ती मागणी मागे पडू नये.

त्याच योजनेतील पैशाची बाजूही वाचकांनी समजून घ्यावी. साधारण ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये भाड्याची कमाल मर्यादा सुरुवातीला ठरवली गेली. पण ती विमानातील निम्म्या आसनांपुरती, उरलेली आसने बाजारभावाने. कमी पडणारे उत्पन्न सरकार भरून देते, तेही तीन वर्षे. आमच्या व्यवसायात व्याजसवलतीची कर्जे असतात. सवलतीची मुदत संपते त्या महिन्यात खातेदार काउंटरवर येऊन विचारतो, हप्ता का वाढला? विमानमार्गाचेही तेच होते, फरक इतकाच की हप्ता वाढण्याऐवजी विमानच बंद होते. म्हणून एखादा मार्ग सुरू झाला की हार घालायच्या आधी विचारावे, चौथ्या वर्षी काय?

आता मूळ हिशेबाकडे येऊ. निपाणीच्या एखाद्या कुटुंबाला मुंबईत परळला जायचे आहे. परळच का, हे सांगायला नको. टाटा रुग्णालयाचा कागद ज्यांच्या घरात आला नाही असे वाडे आपल्याकडे थोडेच. या कुटुंबाला दोन विमानतळ आहेत. सांबरा स्वतःच्या जिल्ह्यात, पण पंच्याऐंशीएक किलोमीटरवर आणि बेळगाव शहर ओलांडून पलीकडे. उजळाईवाडी दुसऱ्या राज्यात, पण चाळीस किलोमीटरच्या आत. माणूस जवळचा घेणार. घरातून उजळाईवाडी एक तास. विमानाच्या दीड तास आधी पोचायचे. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३०८ किलोमीटर, वेळापत्रकात एक तास. उतरून सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत अर्धा तास. तिथून परळला गाडीने तास-सव्वा तास. बेरीज सव्वापाच तास. यातला खरा हवेत पुढे सरकण्याचा वेळ एटीआरने पाऊण तासही नाही. रात्रीच्या बसला साडेआठ-नऊ तास लागतात. म्हणजे सव्वातीन ते पावणेचार तास वाचले. आजारी माणसासाठी हे कमी नाही, हे आम्ही जाणतो.

पण थांबा. रात्रीची बस दिवस खात नाही. नऊला बसायचे, सकाळी उतरायचे, आंघोळ उरकून रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे, काम झाले की त्याच रात्री परत. दोन रात्री रस्त्यावर गेल्या, पण दिवस एकच मोडला आणि लॉजचा खर्च नाही. आता दुपारी बाराचे विमान घ्या. सकाळ तयारीत गेली. परळला पोचेपर्यंत संध्याकाळ, बाह्यरुग्ण विभाग बंद. रात्री मुक्काम. दुसरा दिवस डॉक्टरांचा, पण परतीचे विमान दुपारीच उडून गेलेले, म्हणून पुन्हा मुक्काम. तिसऱ्या दिवशी घरी. तासाचे विमान आणि तीन दिवसांचा प्रवास. त्यात ते विमान रोजचे नसून आठवड्यातून तीन-चार दिवसांचे असेल तर मधल्या दिवसांची भर वेगळीच.

आमच्या परिचयातील एका घरात असेच झाले. आजी थकलेल्या, बसचे धक्के सोसवत नाहीत म्हणून मुलांनी काटकसर करून विमानाची तिकिटे काढली. निघायच्या आदल्या संध्याकाळी भ्रमणध्वनीवर एक ओळीचा संदेश आला की उड्डाण रद्द. तिकिटाचे पैसे यथावकाश परत मिळाले. डॉक्टरांची वेळ परत मिळाली ती तीन आठवड्यांनी. शेवटी आजी बसनेच गेल्या. त्या विमान कंपनीचे नाव इथे घेण्यात अर्थ नाही, कारण नावे बदलतात आणि संदेश तोच राहतो. पावसाळ्यात ढग खाली उतरून दिसेनासे झाले तर विमान उतरणार नाही, हे कोणीही समजू शकतो. पण 'तांत्रिक कारणास्तव' या दोन शब्दांत किती रिकाम्या आसनांचे कारण लपलेले असते, हे एकदा कोणी तरी उघड करावे.

याच्या उलट उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर आम्ही विमानाचे वैरी ठरू. सांबरा ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १४३० किलोमीटर आहे. रेल्वेने जायचे तर दोन रात्री गाडीत. २०२३ साली बेळगाव-दिल्ली थेट सेवा सुरू झाली, तेव्हा हे अंतर अडीच तासांवर आले. इथे घर ते विमानतळ, विमानतळ ते मुक्काम असे सगळे धरूनही सहा-सात तासांत माणूस पोचतो. सर्वोच्च न्यायालयात तारखेला जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना याचे मोल विचारा. अंतर जितके लांब तितका विमानाचा आकडा खरा होत जातो. चौदाशे किलोमीटरला विमान दोन दिवस वाचवते, शंभर किलोमीटरला काहीच वाचवत नाही. मुंबईचे चारशे किलोमीटर मधोमध अडकलेले आहेत, आणि तिथे सगळे निघण्याच्या वेळेवर ठरते.

म्हणून आमचे म्हणणे असे की लोकप्रतिनिधींकडे 'विमान द्या' एवढेच मागण्याचे दिवस गेले. १० मार्च २०२४ रोजी एकाच कार्यक्रमात कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन आणि बेळगाव व हुबळीच्या नव्या टर्मिनलांची पायाभरणी झाली. इमारतींबाबत आपल्याला कोणी उपाशी ठेवलेले नाही. वेळापत्रकाची पायाभरणी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आपल्याला हवे आहे सकाळी सातच्या आत निघणारे आणि संध्याकाळी सहानंतर परतणारे मुंबईचे विमान. बेळगावहून असो वा कोल्हापूरहून, पण रोज. दोन्ही शहरांनी यासाठी भांडण्याऐवजी एकत्र बसावे. सकाळचे उड्डाण एकाकडून आणि दुपारचे दुसऱ्याकडून झाले तरी मधल्या निपाणी-संकेश्वर-गडहिंग्लज पट्ट्यातील माणसाचे भागते. पण एक विमानतळ बंगळूरकडे पाहतो आणि दुसरा मुंबईकडे, त्यामुळे मधला पट्टा कोणाच्याच आकडेवारीत एकसंध दिसत नाही. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मुंबईत सकाळची वेळ मिळत नाही, धावपट्टी मोकळी नाही, हे उत्तर आजवर दिले गेले. आता नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालेले आहे. सांबऱ्याहून त्याचे हवाई अंतर सुमारे ३८४ किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा वीसएक किलोमीटर कमी. ते वीस किलोमीटर महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाचे हे की जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू त्या बाजूहून खाडी ओलांडून थेट शिवडीला उतरतो, आणि शिवडीला लागूनच परळ. उपनगरांत जाणाऱ्याला नवी मुंबई गैरसोयीची वाटेल, पण रुग्णालयाच्या कामाला जाणाऱ्या सीमावासीयाला ती अधिक सोयीची ठरू शकते. नव्या विमानतळावरच्या सकाळच्या वेळा मोठ्या शहरांनी अडवून ठेवण्याआधी सीमाभागाची मागणी कागदावर गेली पाहिजे.

दुसरी मागणी जमिनीवरची आहे. विमानाच्या वेळेशी जुळणारी बस निपाणीहून उजळाईवाडीला आणि खानापूरहून बेळगावमार्गे सांबऱ्याला हवी. त्यासाठी विमान कंपनीची नव्हे, परिवहन मंडळाची मर्जी लागते. टॅक्सीचे भाडे विमानाच्या सवलतीच्या तिकिटाच्या निम्म्याला भिडत असेल तर ती सवलत कोणाच्या खिशात गेली?

निवेदन तयार करताना 'लोकांची गैरसोय होते' असे मोघम लिहून चालत नाही. त्याला आकडे लागतात, आणि तेही दोऱ्याचे नव्हे, आपले. तेव्हा ज्या वाचकांनी गेल्या वर्षभरात सांबरा, उजळाईवाडी, हुबळी किंवा गोव्याहून विमानप्रवास केला असेल त्यांनी एका कागदावर पुढील माहिती लिहून द्यावी: प्रवासाची तारीख, घरातून निघाल्याची वेळ, विमानाची छापील वेळ व प्रत्यक्ष वेळ, मुक्कामी पोचल्याची वेळ, किती रात्री बाहेर राहावे लागले, आणि विमान, टॅक्सी व लॉज यांचा वेगवेगळा खर्च. उड्डाण रद्द झाले असल्यास आलेला संदेश जपून ठेवावा. जे बसनेच जातात त्यांनीही आपला हिशेब द्यावा, तुलनेला तोच लागेल. कागद आपल्या विभागातील कार्यकर्त्याकडे किंवा अंकाच्या कार्यालयात द्यावेत. बेरीज करण्याचे काम आमच्याकडे राहील.